पर्जन्यमान

बाबा जतच्या तहसील कचेरीत कारकून.
जिल्ह्याच्या पावसाचा तक्ता त्यांच्या टेबलावर यायचा,
दहा तालुके, दहा आकडे.
शिराळ्यापाशी त्यांचं बोट थांबायचं.
'एक शून्य जास्त पडलंय,' म्हणायचे,
आणि तरी तसाच उतरवून घ्यायचे.
सरकारी कागदावर शंकेला रकाना नसतो.

त्या श्रावणात पंधरा ऑगस्टला जोडून रविवार आला
आणि बाबांनी आयुष्यातली पहिली सहल काढली,
शून्य तपासायला.

आईनं भाकरी बांधल्या, शेंगाची चटणी,
आणि घरून भरलेल्या पाण्याच्या चार बाटल्या.
मिरजेत एसटी बदलली, शिराळ्यात बदलली.
कोकरूडच्या पुढं उन्हाचा रंगच गेला.
गुरुलिंग विचारायला लागला, 'जिल्हा संपला का?'
'न्हाई रे,' बाबा म्हणाले, 'कलेक्टर अजून तोच.'

आरळ्यात शेवंताकाकूंच्या माडीवर खोली.
खाली भाताची खाचरं, एकीखाली एक,
रोपं इतकी हिरवी की गुरुलिंगनं डोळे चोळले.
आई कठडा धरून बराच वेळ बघत राहिली.
आम्हाला वाटलं, आवडलं तिला.
ती म्हणाली, 'एवढं पाणी उघड्यावर?
झाकलं न्हाई कुणी?'

रात्री ती दोनदा उठली.
कुठंतरी नळ चालू राहिलाय म्हणाली.
मोरीत जाऊन तोटी आवळून आली.
आवाज थांबेना.
'बांधावरनं पाणी उतरतंय गं,
ह्या खाचरातनं त्या खाचरात,' बाबा अंधारात म्हणाले.
'मग खालचं भरल्यावर?'
'त्याच्या खालच्यात.'
'आणि मग?'
'वारणेत.'
ती गप्प झाली. झोपली मात्र नाही,
बांगड्यांवरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गुरुलिंगनं खेकडा पकडला,
आणि खेकड्यानं गुरुलिंगला.
बाबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावरून निघाले,
चौथ्या पावलाला खाचरात बसले,
पोटरीला जळू घेऊन परतले. काकूंनी मीठ लावलं.
आईची सहल ओढ्यावरच झाली.
आमचे धुतलेले कपडे तिनं पुन्हा धुतले,
काकू नको नको म्हणत असताना त्यांच्या चादरी धुतल्या,
पिशवी धुतली, जी कुणी कधी धूत नाही,
आणि धुवायला काही उरलं नाही तेव्हा
पदराचं टोक पाण्यात सोडून बसली.

रात्री पानात गरम भात, वासानंच पोट भरावं असा.
'वाण कुठलं म्हणायचं हे?'
'जोंधळा जिरगा,' काकू म्हणाल्या.
आईचा घास हातातच राहिला. हसायलाच लागली.
'आमचा जोंधळा हितं येऊन भात झाला!'
मग जरा वेळानं, भाताकडं बघत,
'पाणी मिळालं की कुणीबी होईल.'

तिसऱ्या रात्री ती गाढ झोपली,
घोरली सुद्धा थोडीशी.

परतीच्या एसटीत बाबा एवढंच बोलले,
'आकडा बरोबर आहे.'
घरी पिशवी उपसली तर चारी बाटल्या भरलेल्या,
जतचं पाणी, शिराळा बघून आलेलं.
'ओतून देऊ?' मी विचारलं.
आईनं माझ्याकडं असं बघितलं
की मी ते माठात ओतलं.

आठव्या दिवशी नळाला पाणी आलं.
आई घागर लावून उभी.
घागर काठाला आली, तिचा हात तोटीवर होता,
आणि तो तिथंच राहिला.
पाणी काठावरून उतरलं, तिच्या पायांवर आलं,
पायांवरून फरशीवर,
फरशीवरून खालच्या पायरीवर.
बाबा दारात उभे होते. काही बोलले नाहीत.
मी मनात आकडे मोजत होते.
अकराला तिनं तोटी आवळली.