पाण्याची नळी

सोजरबाई सुरवसे, औशाकडची.
तूर बडवताना तुराटीचं टोक
उजव्या डोळ्यात गेलं, आज अकरावा दिवस.
आधी दूध घातलं, मग मेडिकलवाल्यानं दिलेला ड्रॉप.
त्या ड्रॉपवर बुरशीचं चांगलंच फावलं.

ओपीडीतून खरवड आली, मिठाच्या कणाएवढी.
निम्मी हाश्मी मॅडमनी काचेवर घेतली.
भिंगाखाली धागे, आडव्या पडद्यांचे,
अंधारात कुणी शिवत बसल्यासारखे.
"बुरशी आहे. पण कुठली, ते धागे सांगत नाहीत."
प्लेटवर वाढायला ती आठवडा मागते.
डोळ्याकडं आठवडा नव्हता.

उरलेली निम्मी माझ्याकडं.
बुरशीची भिंत चिवट.
काचेच्या मण्यांत घुसळा, तापवा, पुन्हा घुसळा,
तेव्हा कुठं आतला डीएनए सुटतो.
फ्युजारियमसाठीचे दोन प्रायमर,
एका गल्लीची दोन टोकं.
मशीन तेवढीच गल्ली दुप्पट करत जातं,
चौऱ्याण्णव डिग्री, पंचावन्न, बहात्तर,
पुन्हा चौऱ्याण्णव,
असं पस्तीस वेळा.

सोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावतात.
तिच्यात काही नाही, म्हणून तिच्यातून काही निघू नये.
लातुरात राहून पाण्याला 'काही नाही' म्हणायचं!
नोकरीच्या पहिल्या महिन्यात मला हसू यायचं.

रात्री अकराला जेल निळ्या उजेडावर ठेवलं.
सोजरबाईच्या रांगेत पट्टी उजळली.
पाण्याच्या रांगेतही.

खिडकी बंद होती.
पाणी सीलबंद बाटलीतलं.
मग माझी नजर माझ्याच बाहीवर गेली.
माझा एप्रन घरी दोरीवर वाळतो,
अण्णांच्या शर्टाला लागून,
अण्णा दाल मिलमध्ये तुरीची पोती उचलतात.

कुणाला कळलं नसतं.
भिंगानं तर सांगितलंच होतं.
रजिस्टरमध्ये लाल पेनानं 'अमान्य' लिहिलं
आणि मॅडमना फोन लावला.
पलीकडं जरा शांतता.
"किती उरलंय?"
"चार मायक्रोलिटर."
"एकदाच होईल. नीट लाव."

एप्रन पिशवीत बांधून बाहेर ठेवला.
ओटा ब्लीचनं पुसला, तीनदा.
नवी बाटली फोडली, नवे टिप्स.
पिपेट धरताना हात कापत होता,
तर कोपर ओट्याला टेकवलं.

पहाटे तीन वाजून वीस मिनिटं.
पाण्याची रांग काळी,
अमावस्येच्या रानासारखी.
शेजारी एकच पट्टी, सोजरबाईची.
मी आधी काळ्या रांगेकडंच बघत बसले.

सकाळी त्या व्हरांड्यात बाकावर,
डोळ्यावर पट्टी, मांडीवर डबा.
"निघालं का काई, बाई?"
"निघालं. आता नेमकं औषध देतील."
"दिसंल का मग?"
हे माझ्या मशीनला येत नाही.
मॅडम येतायत म्हणाले.

घरी अण्णा मिलला निघाले होते.
दोरीवरचा शर्ट ओढून त्यांनी झटकला.
उन्हाच्या तिरपेत धूळ उठली,
बारीक, पिवळसर,
खाली बसायची घाई नसलेली.
मी दारातच थांबले.