एक तरी पूल

रात्री दीडला नेव्हावरचे पूल वर झाले
आणि अग्निया बेटावरच अडकली.
जून होता, काळोख येतच नव्हता.
थर्मासात चहा, मांडीवर वही,
वहीत चौदावं प्रकरण, हट्टी.

अट एवढीच: प्रत्येक चल
फार तर तीनदा येईल.
दोनदाच आला तर सोपं,
एकदा हो, एकदा नाही,
दोन कलमं एकमेकांत सांधायची
आणि तो निमूट निघून जातो,
पंगत वाढून न जेवता गेलेल्या माणसासारखा.
तिसऱ्यांदा आला की मात्र
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
फांदी फुटते. फांदीला फांदी.

वेनियामिन ल्वोविच म्हणायचे,
झाड तोडू नकोस, त्याला कमी फुटू दे.
ते मार्चमध्ये गेले.
समासात त्यांच्या हातचं तसंच आहे:
"इथे काहीतरी वाया जातंय."

तीन पूल. घरी जायला एक तरी खाली हवा.
लाकडं लादलेलं एक जहाज
कसलीच घाई नसल्यासारखं सरकत होतं.
ते अर्धं गेलं असेल, तेव्हा तिला दिसलं:
'क' खोटा धरला
की त्याचे दोन्ही शेजारी दोनदाच उरतात.
त्यांच्यासाठी फांदी नकोच.

आकडा हलला. दशांशानंतर चौथ्या घरात.
एवढ्याशासाठी तीन वर्षं? बहीण विचारेल.
विचारू दे.

पावणेपाचला पूल खाली आला.
ती लगेच उठली नाही.
चहा गार. समासातल्या त्या ओळीखाली
तिने लिहिलं:
"जात होतं."