दुसरा दिवा

मदरबोर्डच्या काठावर चार बारके दिवे आहेत.
पहिला लागून विझतो.
दुसरा लागतो आणि तिथंच बसून राहतो,
पिवळा,
हिंगणघाटची शेवटची गाडी चुकलेल्या माणसासारखा.
पडदा काळा.
पंखे मात्र जोरात, जणू काही झालंच नाही.

दुसरा दिवा म्हणजे रॅम.
मी पट्ट्या काढते,
कंपासपेटीतला दहावीचा खोडरबर
त्यांच्या सोनेरी दातांवरून फिरवते.
फुंकर मारायची नाही, थुंकी उडते,
हे एक पट्टी घालवून शिकले.
परत बसवते. दोन्ही टोकांना टक् ऐकू यायला हवं.
चालू करायचं बटण या डब्याला नाहीच.
फुलझेलेनं वेल्डिंग करून दिला,
कूलरच्या उरलेल्या पत्र्याचा,
बटणाचं भोक पाडायचं विसरला.
म्हणून दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं
एकमेकींना शिवायच्या.
शिवल्या.
पहिला. दुसरा. तिसरा. चौथा.
पडदा उजळतो.

चाळीस मिनिटं.

मग भर लढाईत,
मी पुलाच्या टोकाशी, मागे माझे चार जण
ज्यांची तोंडं मी कधी पाहिली नाहीत,
सगळं थिजतं, एक आवाज लांबतच जातो,
आणि निळं.
तिकडे माझं नाव पडलंय: पळपुटी.

दिवसभर मी जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची वजनं लिहिते.
रद्द गेटपासांच्या पाठीवर आता हे लिहिते:
मंगळवार, ९.४०, निळा.
बुधवार, ९.३८, निळा नाही, सरळ बंद.
गुरुवारी जिनिंगला सुटी. काहीच नाही, रात्री दोनपर्यंत.
शुक्रवार, ९.३५.

बाबांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
जळालेलं तांबं ते वासावरून ओळखतात.
त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे नाही.
"साडेनवाले काय होते वं इथं?"
दुसरी पाळी. गाठींचा प्रेस सुरू होतो.
मीटरच्या दोन सुया सॉकेटात.
दोनशे बारा. दोनशे दहा.
मग भोंगा,
आणि एकशे एकाहत्तर.
"लाईन बसून राह्यली," ते म्हणाले,
"पोट्टीचं काय चुकलं यात."
पोट्टी मी की डबा, ते मी विचारलं नाही.

जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर आला.
चाळीस मिनिटांचा दीड तास झाला,
त्याहून पुढे जाईना.
बाबांनी डब्याला नाक लावलं.
"जळलं नाही. कोंडलं हाये."

कूलर उघडला.
पात्यांमध्ये रुई.
धूळ नव्हे, रुई,
दाबून दाबून नमद्यासारखी झालेली, एका हंगामाची,
माझ्या ओढणीतून, केसांतून
रोज संध्याकाळी मीच घरी आणलेली.

चिमट्यानं ओढली तर सलग निघाली.
बाबांनी तिनं हाताचं ग्रीस पुसलं
आणि फेकून दिली.
जुनी पेस्ट खडूसारखी खरवडली.
नवी, तांदळाच्या दाण्याएवढी.
"एवढुशीच?" ते म्हणाले. डबाभर ग्रीस लावणारा माणूस.
सत्त्याण्णवचं चौसष्ट झालं.

आता मी दारातच ओढणी झटकते.
पुलापलीकडे दोनदा गेले.
कुणीतरी विचारलं, कुठे होतीस इतके दिवस.
जिनिंग चालू होती, असं लिहिलं, पुसलं.
लाईट, असं लिहिलं.
ते सगळीकडे कळतं.

तरी शनिवारी, प्रेस बंद, पाती साफ, सगळं थंड,
अकरा पन्नासला पुन्हा काळं.
गेटपासच्या पाठीवर वेळ लिहिली.
पुढे, बाबा पावतीबुकात लिहितात तसं,
पाहणे आहे.