कापून झाल्यावर

मशीन फक्त कापतं.
सुई फिरते, विनाइलवर केसाएवढी रेघ उमटते,
आणि काळा कागद काळाच राहतो, जणू काही झालंच नाही.
मग चिमटा घेऊन मी बसते
आणि जे नको ते सोलत जाते.
सव्वीस वर्षं झाली, मिनेसोटातल्या या गावात
दंतवैद्याची पाटी, बोटींचे नंबर,
चर्चची व्हॅन, ‘कुत्र्यापासून सावध’,
सगळं असंच, नको ते काढून टाकल्यावर उरलेलं.

मार्चमध्ये टोबिन स्कार आला.
आजोबांच्या डिव्हिजनचे चाळीस स्टिकर हवेत म्हणाला,
ट्रकांच्या मागच्या काचांना, जुलैच्या मिरवणुकीसाठी.
चिन्ह सोपं : लाल चौकोनात काळं जातं.
तेव्हा पोरं इथल्या पिठाच्या गिरण्यांतून उचलली होती,
म्हणून जातं.
खुंटा धरलेला हात मात्र चिन्हात नाही.
खाली पाच नावं, सगळी इटलीतली,
तीन डोंगर, एक नदी, एक रेल्वे स्टेशन.

नमुना बघायला म्हातारा स्वतः आला.
ऑर्विन स्कार, शंभरीला चार महिने कमी,
वॉकरच्या पायांना टेनिसचे चेंडू लावलेले.
प्रत्येक नावावर बोट ठेवून म्हणाला, बरोबर.
नदीवर बोट जरा जास्त वेळ राहिलं.
टोबिन गाडी आणायला गेला
तेव्हा खिशातून पावती काढली, औषधांच्या दुकानाची,
मागे पेन्सिलीनं एक नाव.
“हेही घाल.”

नकाशावर मला ते गाव सापडलं नाही.

“तिथं लढाई नव्हती,” म्हणाला.
“खेचरं यायची होती. एकोणीस दिवस चिखलात वाट पाहिली.
पहारा माझा होता. दोन सिगरेटींवर
हेल्मर ब्रॉटननं घेतला.
गोठ्याची भिंत त्याच्यावर पडली.
जर्मनांनी नाही पाडली. पावसानं.
पावसाला कोण पदक देणार?
म्हणून यादीत नाही.”
मग थोडं थांबून,
“सिगरेटी ओल्या होत्या. तरी घेतल्या त्यानं.”

मी सांगितलं, जागा नाही उरली.
एवढी बारीक अक्षरं विनाइल धरत नाही, फाटतं.
“एकच कर. बाकीच्यांना पाचच राहू देत.”

रात्री पहिलं फाटलं.
दुसरं सोलताना गुंडाळी होऊन चिमट्यालाच चिकटलं.
तिसऱ्या वेळी सुई बदलली, दिवा खाली ओढला,
श्वास धरून एकेक अक्षर सोडवलं.
त्या नावात तीन गोल आहेत.
गोलाच्या आतला तुकडा काढावा लागतो, तिळाएवढा,
नाहीतर गोल म्हणजे नुसता डाग.
दोन कचऱ्यात गेले.
तिसरा कुठं गेला कळलं नाही, सकाळी
कॉफीच्या कपावर सापडला.

टोबिनच्या ट्रकला मीच लावलं.
साबणाचं पाणी, मग पट्टीनं मधून कडेला दाबत दाबत.
शेवटच्या नावाखाली एक बुडबुडा उरला.
मी टाचणी उचलली.
“राहू दे,” म्हातारा म्हणाला, “हवा आहे ती.”

मग पुढच्या सीटवर बसवलं त्याला.
मान वळेना. खांद्यासकट वळला, कण्हला,
म्हणाला, “उलटं दिसतंय सगळं.”
खरं होतं. आतून ते उलटंच दिसणार.
मी हात घालून वरचा आरसा त्याच्याकडे फिरवला.
आरशात नावं सरळ झाली.
ओठ हलले. डोंगर, डोंगर, नदी, डोंगर, स्टेशन,
आणि मग ओठ हलायचे थांबले
पण डोळे वाचत राहिले.

टोबिननं किल्ली फिरवली.
“आजोबा, मागून गाड्या येतात,”
आणि आरसा स्वतःकडे वळवून घेतला.