पिवळा बाण

राजारामपुरीत, आठव्या गल्लीत, झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर
माझी पाच मशिनं.
तासाला चाळीस रुपये. चप्पल बाहेर.
वहीत नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ.

तीन नंबरला सोमवारी शीतल मगदूम,
शिरोलीच्या फौंड्रीत ओतकामाला,
पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं.
पोरं आधी हसली, मग सरकून जागा द्यायला लागली.

त्याच्या गेममध्ये अख्खं शहर आहे,
डोंगर, विमानतळ, समुद्र,
आणि रस्त्यावर एक पिवळा बाण:
इकडं ये, गोष्ट इथनं सुरू होते.
शीतलनं तो बाण कधी मानला नाही.
गाडी चोरावीच लागते, त्याला इलाज नाही,
पण चोरलेली गाडी तो हळू चालवतो
आणि लाल दिवा लागला की थांबतो.
मागं हॉर्न, कुणीतरी इंग्रजीत आई-बाप काढतं,
तो थांबतो,
दसरा चौकात कुणी थांबत नाही तसा.

मग पाण्याच्या कडेला गाडी लावून
रंकाळ्यावर बसावं तसा बसतो.
खिशात शेंगदाणे.
चाळीस रुपयांतले वीस नुसतं पाणी बघण्यात.
गेममधला फोन वाजत राहतो.
उचलत नाही.

चार नंबरला तौफिक मुल्लाणी, बारावी सायन्स.
त्याला गोष्टच लागते.
एक बहीण, एक होडी, बुडत चाललेलं गाव,
एकच वाट, दोन्हीकडं भिंती.
शेवटाला हा हेडफोनच्या आत रडतो
आणि पाणी प्यायचंय म्हणून उठतो.

'काका, गोष्ट पुढं न्या की.
नुसतं हिंडून काय मिळतंय?
त्या गावात तुमची वाट बघणारं कोण नाही.'

'तेच तर बरं हाय लेका.
दिवसभर लोखंड सांगतंय मला,
आता ओत, आता थांब, आता हात काढ.
हितं तरी कुणी बाण दाखवू नये.'

मी काउंटरवरनं दोन्ही बघितलंय.
शीतलच्या समुद्रात बोट फार लांब नेली
की इंजिन आपोआप बंद पडतं.
पुढं पाणी दिसत राहतं, नुसतं दिसतं.
तौफिकच्या गोष्टीत मध्येच विचारतात,
हात सोडायचा की दोर?
एकदा त्यानं हात सोडला, एकदा दोर.
दोन्ही वेळा त्याच पुलावर निघाला.
हे मी दोघांनाही सांगितलं नाही.
गिऱ्हाईक आहे.

मागच्या महिन्यात शीतल मंगळवारी आला.
बुधवारी आला.
गुरुवारी सकाळी मी शटर उचलत होतो तेव्हा
जिन्यात उभाच होता.
भट्टी थंड केली म्हणाला, हिशोब हातात दिला.
वहीत मी गेल्याची वेळ मोकळी सोडली.

त्या दिवशी त्यानं गाडी पुलावर लावली,
काढली, परत लावली.
पाण्याकडं गेलाच नाही.
शेंगदाण्याची पुडी तशीच.
बऱ्याच वेळानं हेडफोन गळ्यात घेऊन म्हणाला,
'तौफिक, ती गोष्ट कुठनं सुरू होती रे?'

बाण होता तिथंच होता.
फोन वाजला. उचलला.
पलीकडचा भराभर बोलत सुटला,
शीतलनं पडद्याकडं पाहिलं, मग पोराकडं.

'इतके दिवस कुठं होतास, विचारतोय.
म्हणतोय, तीन मिनिटांत गोदीवर पोच.'
'मला?'
'तुम्हालाच.'

कोपऱ्यात आकडे उलटे पळायला लागले,
दोन एकोणसाठ, दोन अठ्ठावन्न.
शीतल खुर्चीच्या टोकाला आला,
पहिल्यांदाच गाडी अशी काढली
की पोरं आपापली मशिनं सोडून मागं उभी,
'काका, हाणा! हाणा काका!'

चौकात दिवा लाल झाला.

तो थांबला.