कडेची वडी

रात्रीचे सव्वाअकरा.
शर्वाणी वर झोपली आहे, हंबर नदीची ओल
खिडकीच्या फटीतून आत येऊन बसली आहे,
आणि मी, बावीस वर्षं हल शहरात
लोकांचे बॉयलर दुरुस्त करणारा माणूस,
एका निळ्या पडद्यापुढे,
बोट वरच्या बाणावर.
अजून दाबलेलं नाही.

शुक्रवारी आला हा डबा,
अकरा महिन्यांचे शनिवार मोजून घेतलेला.
एका बाजूला काच, आत पंखे,
पंख्यांना लग्नाच्या बँडच्या गाडीवर असतात तसले रंग.
ते बंद कसे करायचे, तेही मला सापडलेलं नाही.

शेजारचा कॅलम सतरा वर्षांचा.
म्हणाला, मिस्टर डिग (दिघे त्याला जमत नाही),
असाच ठेवलात तर काय उपयोग?
आत अजून खूप आहे, कंपनी मुद्दाम मागे ठेवते.
मी विचारलं, तुझा चालतो का असा?
पहिला गेला, म्हणाला. हसत.

खरी गोष्ट त्याने जाता जाता सांगितली:
सगळ्या चिपा एकाच गोल चकतीतून कापतात,
तरी एक पळते, दुसरी अडखळते.
कुठली आपल्या वाट्याला आली
ते दाबून बघितल्याशिवाय कळत नाही.

मला आईचं ताट आठवलं.
थापलेलं खोबरं, सुरीच्या उभ्या-आडव्या रेघा,
मधल्या चौकोनी वड्या पाहुण्यांच्या,
कडेच्या वाकड्या, तिकोनी, आमच्या.
हा माझा डबा मधला की कडेचा?

मी रोज काय सांगतो लोकांना?
हेसल रोडच्या मिसेस ऑक्लंड, एक्क्याऐंशीच्या,
दर वेळी: जरा वाढव ना रे.
आणि मी: पाणी साठावर आहे, बरं आहे,
चालत्या यंत्राला हात लावू नये.
कुणीतरी हौसेने पिळलेले बॉयलर मी ऐकलेत,
किटलीसारखे घुमणारे.
यंत्र कुठल्या सुरात तक्रार करतं ते मला ठाऊक आहे,
पण ते लोखंडाचं. हे वाळूचं.
हे कसं कण्हतं, कोण जाणे.

वॉरंटीच्या कागदाचं तिसरं पान तीनदा वाचलं.
‘स्वतःच्या जबाबदारीवर’ हे शब्द ठळक छापलेत,
जणू बाकी सगळं मी
दुसऱ्या कुणाच्या जबाबदारीवर करत आलो.

दाबलं.
एकदाच.

पडदा काळा. पंखे गप्प.
वरचा रेडिएटर थंड होताना टक् टक् करतो,
घरात तेवढाच आवाज.
मी मोजू लागलो.
चौदाला देवाचं नाव घेतलं, हे कॅलमला सांगणार नाही.
एकोणिसाला बँड पुन्हा वाजायला लागला.

तापमान एकाहत्तर. ठीक.
गाडी काढली. तीच डोंगराची वाट, तोच चिखल,
आणि तिसऱ्या वळणावर
मी त्याच झाडाला जाऊन धडकलो,
फक्त जरा जास्त झुळझुळीत.

बाण खाली. होता तिथे.
भीतीने नव्हे. बरं, थोडी भीतीनेही.
वडी कडेची नाही, एवढं कळलं,
आणि कळल्यावर तिची गोडी
डब्यातच राहू द्यावीशी वाटली.

मंगळवारी हेसल रोड.
कोपऱ्यावरच्या मलई रंगाच्या फोनबूथवर
एक समुद्रपक्षी, माझ्या डब्याकडे डोळा ठेवून.
आत मिसेस ऑक्लंड, दोन स्वेटर, एक शाल:
जरा वाढव ना रे.

मी तबकडीवर हात ठेवला.
बावीस वर्षांचं वाक्य ओठांवर आलं होतं.
ते गिळलं, आणि न बोलता
अर्धी खाच वर केली.
त्यांनी बिस्किटांचा आख्खा डबा पुढे सरकवला.

गुरुवारी सकाळी फोन:
फार उकडतंय रे, बाळा.
येऊन खाली कर.