अक्षराचा दर

दर अक्षरामागं आहे, ओळीमागं नाही.
काना, मात्रा, वेलांटी मी वेगळी धरत नाही.
पण हालिनाबाईंनी कागद पुढं केला
आणि तीस वर्षांत पहिल्यांदा अडलो:
एलच्या अंगातून गेलेला एक तिरका छेद.
म्हटलं, छपाईची चूक असेल.
दुभाषा पोरगा विचारून आला,
"चूक नव्हे. एल लिहायचा, व म्हणायचा.
छेद राहिला तर ती दुसऱ्या कुणाची तरी आई होईल."

मग त्या छेदासाठी बारकी छिन्नी काढली.

वळिवड्याच्या छावणीत नऊ वर्षांची होती ही बाई.
सैबेरियातून इराण, इराणातून बोट,
आणि इतकं सगळं ओलांडून आलेली आई
इथल्या साध्या तापानं गेली.
छावणीच्या जागी आता सिंध्यांची कापडाची दुकानं.
पाणी, चला, केवढ्याला?
एवढं मराठी उरलंय तिच्याकडं,
आणि केवढ्याला म्हणताना हात कमरेवर जातो,
थेट लक्ष्मीपुरीतल्या बाईगत.

त्यांच्या देशानं माणसं पाठवली होती. पाद्री होता,
पांढऱ्या-तांबड्या फिती, लाल काचेचे दिवे.
एकेक नाव मोठ्यानं वाचलं.
शेवटचं दोन महिन्यांच्या पोराचं.
त्यालाही तेवढाच वेळ दिला.

दुभाष्या माझ्याशेजारी उकिडवा बसून सांगत होता:
विलायतेत छातीला लाल कागदी फूल लावतात.
जर्मनीत, ज्या घरातनं माणसं ओढून नेली
त्या घरापुढं फरशीतच पितळी पाटी ठोकतात,
येणाऱ्या-जाणाऱ्याला वाकून वाचावी लागते.
मी विचारलं, पितळेवर अक्षर कोरतात का ठोकतात?
त्याला सांगता येईना.

हालिनाबाईंनी मला बोटानं दाखवून काहीतरी विचारलं.
"तुमच्यातलं कोण गेलं होतं का, म्हणतात."

गेला होता. आज्याचा थोरला भाऊ, पहिल्या लढाईत.
गावच्या शाळेत संगमरवरी पाटी आहे:
या गावातून एकसष्ट गेले, पैकी ८ कामी आले.
बाजूच्या खिळ्याला घंटा टांगतात.
त्या आठात आमचा एक.
बसऱ्याला भिंत बांधलीय म्हणे त्यांनी,
तिथं साहेबांची नावं,
आमच्या शिपायांचा तिथंही आकडाच.

मला राग नाही. माझा हाच धंदा आहे,
मला हिशेब कळतो.
आठ नावं, वर आडनावं, म्हणजे पाच दिवसांचं काम
आणि आठचा आकडा एका चहात उरकतो.

घरात काही हरवलं की आम्ही म्हणतो, बसऱ्याला गेलं.
छिन्नी बसऱ्याला गेली, पासबुक बसऱ्याला गेलं.
माझी सून बेळगावची, तीही म्हणते आता.
का म्हणतो ते तिनं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

हे सगळं त्या पोराला सांगितलं.
त्यानं त्यांच्या भाषेत किती सांगितलं देव जाणे.
बाई उठली, लाल काचेचा एक दिवा
माझ्या हत्यारांच्या पिशवीत ठेवला.
केवढ्याला, मी विचारलं. ती हसली.

तिच्या आईच्या दगडातला वीतभर तुकडा उरला होता.
रात्री दुकानात तो पुढं घेऊन बसलो.
आणि परत अडलो.
भैरू का बहिरू?
आज्जा भैऱ्या म्हणायचा, पण ती हाक झाली.
पेन्शनीच्या कागदावर साहेबानं काय लिहिलेलं
ते वाचणारं तेव्हा घरात कोणी नव्हतं,
आणि कागद बसऱ्याला गेला.

सकाळी गिऱ्हाईक आलं. नव्या बंगल्याची पाटी,
मातृछाया, चार अक्षरं.

तुकडा खिडकीत ठेवलाय.
पेन्सिलीनं दोन्ही नावं लिहिलीत, एकाखाली एक.
गावाकडचं कोणी जुनं माणूस भेटलं
तर त्यातलं एक खोडायचं आहे.